वेतनपटातून वार्धक्याची तरतूद : खुलताबाद तालुका समोर ठेवून एक पाठ

प्राथमिक शिक्षकाचे अथवा पंचायत समितीतील लिपिकाचे वेतनदेयक पाहिले, तर त्यात कपातीचे अनेक रकाने आढळतात. व्यवसाय कर, गटविमा, पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता, घरबांधणीच्या अग्रिमाची वसुली अशी ही मालिका असते. कर्जाचा हप्ता महिन्यामागून महिने न चुकता जातो. घरी लग्नकार्य असो वा आजारपण, त्या हप्त्यात खंड पडत नाही. कारण तो रक्कम हाती पडण्यापूर्वीच वळता झालेला असतो. परंतु स्वतःच्या वार्धक्यासाठी स्वेच्छेने लावून घेतलेला रकाना पुष्कळदा रिकामाच राहतो. त्या तरतुदीचा विचार "पुढच्या महिन्यापासून" या शब्दांवर थांबतो, आणि असे पुढचे महिने करता करता नोकरीची वीस-पंचवीस वर्षे निघून जातात.

जी यंत्रणा आपले कर्ज इतक्या बिनचूकपणे फेडून घेते, तीच यंत्रणा आपल्या उतारवयाची पुंजीही उभी करू शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळे कार्यालय लागत नाही. कर्मचाऱ्याची लेखी संमती, वेतनपटातील एक रकाना आणि कापलेली रक्कम ठरल्या दिवशी योग्य खात्यात भरणारा जबाबदार अधिकारी, एवढ्या तीन गोष्टी पुरेशा होतात. या तिन्ही गोष्टी कशा जुळवून आणाव्यात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

तालुक्याचे चित्र

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबाद हा तालुका अशा विचारासाठी सोयीचा आहे. कारण वेतन देणाऱ्या संस्थांचे बहुतेक सर्व प्रकार येथे एकत्र पाहावयास मिळतात. तालुक्याच्या गावी नगर परिषद आहे, पंचायत समिती व तहसील कार्यालय आहे. गल्ले बोरगाव, बाजार सावंगी, कसाबखेडा यांसारख्या गावांतून ग्रामपंचायती, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि खाजगी संस्थांच्या शाळा चालतात. वेरूळची लेणी, घृष्णेश्वराचे मंदिर, भद्रा मारुतीचे देवस्थान आणि म्हैसमाळचे थंड हवेचे ठिकाण यांमुळे प्रवासी व भाविक येथे वर्षभर येतात. त्यांच्या सोयीसाठी उपाहारगृहे, निवासगृहे, दुकाने व वाहने चालतात आणि त्यांत मजुरीवर काम करणारी माणसे असतात. कागजीपुऱ्यात हातकागदाचा जुना व्यवसाय आहे.

या सर्वांना महिन्याकाठी काही ना काही वेतन मिळते. परंतु काम थांबल्यानंतर काय मिळणार, याचे उत्तर प्रत्येकासाठी वेगळे आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी शासकीय सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यास जुन्या नियमांप्रमाणे निवृत्तिवेतन आहे. त्या तारखेस वा त्यानंतर नेमणूक झालेल्यांसाठी राज्य शासनाने परिभाषित अंशदान योजना लागू केली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेशी जोडली. तेव्हापासून विकल्पांचे निर्णय वेळोवेळी झाले आहेत. म्हणून आपण नेमके कोणत्या योजनेत आहोत, हे प्रत्येक कर्मचाऱ्याने सेवापुस्तकातून पाहून घेणे, ही या पाठाची पहिली पायरी होय.

ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी, शिपाई, सफाई कामगार यांची स्थिती याहून नाजूक आहे. त्यांच्यासाठी भविष्य निर्वाह निधीची तरतूद आहे. परंतु निवृत्तिवेतन नाही. त्या निधीचे खाते उघडले गेले आहे किंवा नाही आणि त्यात दरमहा भरणा होतो किंवा नाही, यावरच त्याच्या म्हातारपणीची भाकरी अवलंबून असते. उपाहारगृहातील आचारी, वाहनचालक व दुकानातील नोकर यांना तर पुष्कळदा एवढाही आधार नसतो. वार्धक्याची तरतूद हा केवळ पगारदार मध्यमवर्गाचा प्रश्न नाही. गावातील सर्वांत कमी वेतनाच्या माणसाचा तो सर्वांत मोठा प्रश्न आहे.

कपातीची पद्धत नवी नाही

वेतनातून बचत कापून घेण्याची कल्पना कोणी बाहेरून आणून आपल्यावर लादलेली नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा आपल्याकडे १९२५ साली झाला. स्वातंत्र्यानंतर कारखान्यांतील कामगारांसाठी १९५१ च्या नोव्हेंबरात वटहुकूम निघाला आणि १९५२ साली त्याचे कायद्यात रूपांतर झाले. कामगाराच्या वेतनातून एक हिस्सा आणि मालकाकडून एक हिस्सा घेऊन तो कामगाराच्या नावे जमा करावयाचा, हे त्यामागील सूत्र होते.

महाराष्ट्रात पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थांनी हीच पद्धत खेडोपाडी रुजविली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ अन्वये सभासदाने लेखी करार करून दिल्यास संस्थेचे येणे त्याच्या वेतनातून कापून संस्थेकडे भरण्याचे दायित्व मालकावर येते. शिक्षकांच्या व जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांचा व्यवहार या कपातीच्या भरवशावर चालतो. राष्ट्रीय बचतीच्या मोहिमेत एके काळी वेतनपट बचत गट स्थापन केले जात आणि कर्मचाऱ्यांच्या वेतनातून कापलेली रक्कम डाकघरातील आवर्त ठेवीत जमा होत असे. शाळांतून "संचयिका" चालत व मुलांना पैशापैशाने साठविण्याची सवय लागत असे. आपल्या तालुक्यातील जुन्या शिक्षकांना ही नावे परिचित असतील.

तेव्हा लेखापालाला कपात कशी करावी हे शिकविण्याची गरज नाही. त्याच कौशल्याचा उपयोग कर्जाच्या वसुलीबरोबर बचतीसाठीही व्हावा, एवढेच सांगावयाचे आहे.

कोणास कोणता मार्ग

ऐच्छिक वर्गणीचे मार्ग नोकरीच्या प्रकारानुसार भिन्न आहेत. ते एकमेकांत मिसळले, की गोंधळ होतो. म्हणून ते वेगवेगळे समजून घेतले पाहिजेत.

पहिला वर्ग, सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीचे वर्गणीदार. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेले कर्मचारी या वर्गात मोडतात. येथे वेतनाच्या किमान ६ टक्के वर्गणी बंधनकारक असून त्याहून अधिक वर्गणी स्वेच्छेने लावून घेता येते. व्याजाचा दर शासन ठरविते. एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्के झाला. ज्यांची मुले कमावती झाली व ज्यांचे गृहकर्ज फिटले, अशा कर्मचाऱ्यांनी सेवेच्या अखेरच्या वर्षांत वर्गणी वाढविणे हितावह ठरते.

दुसरा वर्ग, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील कर्मचारी. वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम कर्मचाऱ्याकडून कापली जाते. शासनाचा हिस्सा १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के करण्यात आला. याच प्रथम स्तरातील खात्यात कर्मचाऱ्यास स्वतःहून जादा अंशदान भरता येते. अशा जादा रकमेवर शासनाचा जादा हिस्सा मिळत नाही, ही गोष्ट प्रारंभीच स्पष्ट करून सांगावी. बँकेला स्थायी सूचना देऊन वेतन जमा होताच ठराविक रक्कम या खात्याकडे वळविता येते. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यास अशा अंशदानावर वर्षाला रु. ५०,००० पर्यंत अतिरिक्त वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. शासकीय कर्मचाऱ्यास निवृत्तीच्या वेळी जमा रकमेपैकी किमान ४० टक्के रक्कम मासिक वेतन देणाऱ्या वार्षिकीत गुंतवावी लागते. म्हणजेच हा पैसा मध्येच हवा तेव्हा काढता येण्याजोगा नसतो. तोच त्याचा गुण आणि तीच त्याची मर्यादा आहे.

तिसरा वर्ग, कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे नोंदलेले कामगार. वीस वा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना ही योजना लागू होते. नगरपालिका व महानगरपालिका यांतील ज्या कर्मचाऱ्यांना अन्य निधीचे संरक्षण नाही, त्यांनाही ८ जानेवारी २०११ पासून तिच्या कक्षेत आणण्यात आले. त्यामुळे नगर परिषदेकडे कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्या सफाई कामगाराचा भरणा होतो किंवा नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. वीसपेक्षा कमी कामगार असले, तरी मालक व बहुसंख्य कामगार यांची संमती असल्यास आस्थापना स्वेच्छेने योजनेत येऊ शकते. वेरूळच्या रस्त्यावरील उपाहारगृहांच्या मालकांनी या तरतुदीचा विचार करावा.

या योजनेत कामगाराची वर्गणी १२ टक्के असते. त्यापलीकडे तो स्वेच्छेने अधिक वर्गणी देऊ शकतो व तीवर त्याच दराने व्याज मिळते. हा दर २०२३-२४ व २०२४-२५ या वर्षांसाठी ८.२५ टक्के होता. समजा, एखाद्या कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून रु. १४,००० आहेत. त्याची नियमित वर्गणी रु. १,६८० होईल. त्याने आणखी ५ टक्के ऐच्छिक वर्गणी लावली, तर रु. ७०० अधिक कापले जातील. मालकाचा हिस्सा मात्र रु. १,६८० एवढाच राहील. ऐच्छिक वर्गणीमुळे मालकावर एका पैशाचाही बोजा पडत नाही, हे मालकांना समजावून दिले, तर त्यांचा संकोच दूर होईल. कामगाराची एकूण वर्गणी वर्षाला रु. २,५०,००० हून अधिक झाल्यास वरच्या रकमेवरील व्याज एप्रिल २०२१ पासून करपात्र आहे. परंतु आपल्या तालुक्यातील बहुतेक कामगारांना ती मर्यादा लांबची आहे.

चौथा वर्ग, ज्यांना कोणतीच योजना नाही असे कामगार. त्यांच्यासाठी केंद्र शासनाच्या दोन योजना विशेष उपयोगी आहेत. अटल पेन्शन योजना मे २०१५ मध्ये सुरू झाली. १८ ते ४० वर्षे वयाच्या, बचत खाते असलेल्या व्यक्तीस तीत सहभागी होता येते आणि वयाच्या ६० व्या वर्षापासून दरमहा रु. १,००० ते ५,००० पर्यंत निवृत्तिवेतन मिळते. वर्गणीदाराच्या पश्चात तेवढेच वेतन पती वा पत्नीस आणि दोघांच्या पश्चात जमा निधी वारसास मिळतो. आयकर भरणाऱ्यांना मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्याने प्रवेश नाही. दुसरी योजना प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन ही २०१९ साली आली. दरमहा रु. १५,००० पर्यंत उत्पन्न असलेल्या असंघटित कामगारासाठी ती आहे. १८ ते ४० या वयोमानानुसार वर्गणी रु. ५५ ते २०० एवढी असून तेवढीच रक्कम केंद्र शासन भरते, आणि साठीनंतर दरमहा रु. ३,००० मिळतात. भविष्य निर्वाह निधीचा अथवा राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा सभासद या दुसऱ्या योजनेस पात्र नसतो, हे नोंदणीपूर्वी तपासावे.

विलंबाची किंमत

ऐच्छिक बचतीच्या बाबतीत किती रक्कम, या प्रश्नाहून केव्हापासून, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. अटल पेन्शन योजनेच्या मासिक वर्गणीवरून ही गोष्ट स्पष्ट होते.

१८ व्या वर्षी प्रवेश : रु. १,००० वेतनासाठी रु. ४२; रु. ५,००० वेतनासाठी रु. २१०
२५ व्या वर्षी प्रवेश : रु. ७६, रु. ३७६
३० व्या वर्षी प्रवेश : रु. ११६, रु. ५७७
३५ व्या वर्षी प्रवेश : रु. १८१, रु. ९०२
४० व्या वर्षी प्रवेश : रु. २९१; रु. १,४५४

रु. ५,००० च्या वेतनासाठी १८ व्या वर्षी सुरुवात करणारा ४२ वर्षांत एकूण रु. १,०५,८४० भरतो. ४० व्या वर्षी सुरुवात करणारा २० वर्षेच भरतो. तरीही त्याची एकूण रक्कम रु. ३,४८,९६० होते. फळ दोघांना सारखेच. परंतु उशिरा येणाऱ्यास तिपटीहून अधिक मोल द्यावे लागते. शाळेतील वरच्या वर्गांत व्याजाचे गणित शिकविताना शिक्षकांनी हे कोष्टक फळ्यावर मांडावे. मुले ते घरी सांगतील.

दुसरे उदाहरण घेऊ. दरमहा रु. ५०० इतकी रक्कम वार्षिक ७ टक्के दराने, दरमहा चक्रवाढीने साठविली, असे समजू. १० वर्षांत ती सुमारे रु. ८६,५०० होईल, २० वर्षांत सुमारे रु. २,६०,००० आणि ३० वर्षांत सुमारे रु. ६,१०,००० होईल. प्रत्यक्ष भरलेली रक्कम अनुक्रमे रु. ६०,०००, रु. १,२०,००० व रु. १,८०,००० एवढीच असेल. शेवटच्या दहा वर्षांत पुंजी सर्वांत वेगाने वाढते. आणि ती शेवटची दहा वर्षे ज्याने लवकर आरंभ केला, त्याच्याच वाट्यास येतात.

वेतनवाढीबरोबर वर्गणीवाढ

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. रु. ६,१०,००० हा आकडा मोठा वाटतो. परंतु भाववाढ दरसाल ५ टक्के राहिली, तर आज १०० रुपयांस मिळणाऱ्या वस्तूस ३० वर्षांनंतर सुमारे ४३२ रुपये पडतील. म्हणजे त्या पुंजीची क्रयशक्ती आजच्या सुमारे रु. १,४१,००० एवढीच असेल. वर्गणी एकदा ठरवून तशीच ठेवली, तर भाववाढ तिला पोखरून टाकते.

यावर उपाय म्हणजे वेतन वाढेल तशी वर्गणी वाढविणे. वरील उदाहरणातच रु. ५०० ची वर्गणी दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवीत नेली, तर ३० वर्षांनंतर पुंजी सुमारे रु. १०,५०,००० होते.

अमेरिकेत रिचर्ड थेलर व श्लोमो बेनार्त्झी या अभ्यासकांनी १९९८ पासून एका कारखान्यात याच तत्त्वाचा प्रयोग केला. आज वेतनातून अधिक कापून घ्या, असे त्यांनी कामगारांना सांगितले नाही. पुढील वेतनवाढ मिळेल तेव्हा तिच्यातील काही भाग बचतीकडे वळवावा, अशी संमती त्यांनी आधीच घेऊन ठेवली. ज्यांना ही योजना देऊ केली, त्यांपैकी ७८ टक्के लोकांनी ती स्वीकारली, आणि ४० महिन्यांत त्यांची सरासरी बचत वेतनाच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हाती आलेला पैसा सोडणे माणसास जड जाते. अद्याप हाती न आलेल्या पैशाचा वाटा ठरवून देणे तितके जड जात नाही. आपल्या घरोघरीचा अनुभवही असाच आहे. म्हणून संमतिपत्रातच "प्रत्येक वार्षिक वेतनवाढीच्या महिन्यात माझी वर्गणी इतक्या रुपयांनी वाढवावी" असे एक वाक्य घालून ठेवावे.

कपात कशी सुरू करावी

कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक अथवा ग्रामपंचायत अधिकारी यांनी पुढील क्रमाने काम करावे, असे सुचवावेसे वाटते.

१. आस्थापनेवरील सर्व कर्मचाऱ्यांची यादी करावी. प्रत्येकाचे वय, नेमणुकीचा दिनांक, लागू असलेली योजना, खाते क्रमांक व वारसाची नोंद हे पाच रकाने तीत असावेत. ही यादी तयार करतानाच अनेक त्रुटी उघड होतील. कोणाचे खातेच उघडलेले नसते, कोणाच्या वारसनोंदीत विवाहापूर्वीची नावे असतात, कोणाच्या नावात आधारपत्र व बँक खाते यांत फरक असतो. ऐच्छिक वर्गणीचा विचार या त्रुटी दूर झाल्यावरच करावा.

२. कर्मचाऱ्यांची एक बैठक घ्यावी व त्यात शक्य झाल्यास बँकेच्या अथवा डाकघराच्या प्रतिनिधीस बोलवावे. लाभ सांगावेत, तसेच पैसा किती काळ अडकून राहील, हेही सांगावे.

३. प्रत्येकाकडून लेखी संमतिपत्र घ्यावे. त्यात रक्कम, आरंभाचा महिना, योजनेचे नाव, वेतनवाढीच्या वेळची वाढ आणि संमती मागे घेण्याची रीत नमूद असावी. वेतन संहितेनुसार एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये, ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

४. वेतनदेयकात ऐच्छिक वर्गणीचा रकाना स्वतंत्र ठेवावा. ती बंधनकारक वर्गणीत मिसळू नये. अन्यथा पुढे हिशेब जुळविणे कठीण जाते. शाळांचे वेतन शालार्थ व शासकीय कार्यालयांचे वेतन सेवार्थ या संगणकीय प्रणालींतून निघते. तेथे जी कपात नोंदता येते ती तेथेच नोंदावी. जी नोंदता येत नाही, तिच्यासाठी कर्मचाऱ्याने बँकेस स्थायी सूचना द्यावी.

५. कपात झालेली रक्कम त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी भरावी. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत महिना संपल्यापासून १५ दिवस ही मुदत आहे. परंतु शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

६. दर तीन महिन्यांनी प्रत्येकास त्याच्या खात्याचा उतारा द्यावा व तो मिळाल्याची सही घ्यावी. ज्यास वाचता येत नाही, त्यास आकडे वाचून दाखवावेत.

७. अधिकाऱ्याची बदली झाल्यास कार्यभार देण्याघेण्याच्या यादीत संमतिपत्रांची धारिका व भरण्याची चलने यांचा स्पष्ट उल्लेख असावा. पुष्कळ चांगली कामे बदलीच्या आदेशाबरोबर थांबतात. हे काम तसे थांबू नये.

ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांबाबत एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. त्यांचे वेतन करवसुलीवर व अनुदानावर अवलंबून असल्याने ते दरमहा एकाच तारखेस मिळेल, अशी खात्री नसते. अटल पेन्शन योजनेची वर्गणी मात्र बँक ठरल्या तारखेस खात्यातून वळती करते. त्या दिवशी खात्यात रक्कम नसल्यास दर शंभर रुपयांमागे दरमहा एक रुपया याप्रमाणे विलंब आकार पडतो. म्हणून अशा कर्मचाऱ्यास मासिकाऐवजी तिमाही अथवा सहामाही वर्गणीचा पर्याय सुचवावा. हप्त्याची तारीख पंचायतीच्या वसुलीचा काळ पाहून ठरवावी.

ठरावाचा नमुना

मासिक सभेपुढे हा विषय ठेवताना पुढील धर्तीवर ठराव मांडता येईल :

"या ग्रामपंचायतीच्या आस्थापनेवरील सर्व कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यांची व वारसनोंदींची तपासणी ............ पर्यंत पूर्ण करण्यात यावी. जे कर्मचारी लेखी संमती देतील, त्यांच्या वेतनातून त्यांनी नमूद केलेली ऐच्छिक वर्गणी दरमहा कापून ती वेतनवाटपापासून दोन दिवसांत त्यांच्या खात्यात भरण्यात यावी. भरण्याचा गोषवारा दर तिमाहीस मासिक सभेपुढे ठेवण्यात यावा. कोणत्याही कर्मचाऱ्यावर वर्गणीसाठी सक्ती करण्यात येऊ नये."

या ठरावातील तिसरे व चौथे वाक्य वगळू नये, कारण त्यांवरच योजनेचे यश अवलंबून आहे.

कापलेला पैसा ही ठेव आहे

कर्मचाऱ्याच्या वेतनातून कापलेली रक्कम त्या क्षणापासून संस्थेची राहत नाही. वीजदेयक थकले, पाण्याचा पंप नादुरुस्त झाला, तेव्हा ती रक्कम "तात्पुरती" वापरण्याचा मोह होतो. हा मोह टाळलाच पाहिजे. कामगाराकडून कापलेली भविष्य निर्वाह निधीची वर्गणी न भरणे हा केवळ हिशेबातील विलंब नव्हे. भारतीय दंडसंहितेने तो फौजदारी न्यासभंग मानला होता आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेनेही ती तरतूद कायम ठेवली आहे.

कायद्याहून मोठी गोष्ट विश्वासाची आहे. अंशदान योजनेच्या आरंभीच्या वर्षांत राज्यात अनेक ठिकाणी खाते क्रमांक व हिशेबाच्या चिठ्ठ्या मिळण्यास विलंब झाला. त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या मनात जी शंका बसली, ती दूर होण्यास फार काळ लागला. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील कर्मचाऱ्यांनी संप केला. धोरणाचा तो प्रश्न आपल्या जागी आहे व त्याचा निर्णय वरिष्ठ स्तरावर होतो. परंतु कापलेली रक्कम ठरल्या दिवशी भरणे व तिचा हिशेब दाखविणे हे तालुका पातळीवरील अधिकाऱ्याच्या हातात आहे. ज्या कार्यालयात खात्याचा उतारा वेळेवर मिळतो, तेथे स्वेच्छेने वर्गणी वाढविण्यास कर्मचारी आपणहून पुढे येतात. जेथे तो मिळत नाही, तेथे कितीही भाषणे केली, तरी ती व्यर्थ होत.

कोणास घाई करू नये

स्वेच्छा हा शब्द शब्दशः पाळला पाहिजे. इष्टांक पूर्ण करण्यासाठी संमतिपत्रांवर सह्या घेतल्या, तर तीन महिन्यांत तेच कर्मचारी कपात थांबविण्याचे अर्ज देतील. ज्याच्या डोक्यावर सावकाराचे वा अधिक व्याजाचे कर्ज आहे, त्याने प्रथम ते फेडावे. कर्जावर २४ टक्के भरून बचतीवर ७ टक्के मिळविण्यात शहाणपण नाही. ज्याच्या घरी दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतकीही शिल्लक नाही, त्याने आधी बचत खात्यात अथवा डाकघरात तेवढी रक्कम उभी करावी. नाही तर पहिल्याच आजारपणात वर्गणी बंद पडेल. अशा कर्मचाऱ्यास शंभर रुपयांपासून आरंभ करू द्यावा. आरंभी लहान असलेली वर्गणी वेतनवाढीबरोबर मोठी होते.

ऐच्छिक वर्गणी ही कर्मचाऱ्याच्या हक्काच्या तरतुदीची जागा घेऊ शकत नाही, हेही पंचायत सदस्यांनी लक्षात ठेवावे. संस्थेने जो हिस्सा भरावयाचा आहे तो भरलाच पाहिजे. स्वतःचा हिस्सा न भरता कर्मचाऱ्यास बचतीचा उपदेश करणे उचित नव्हे.

समारोप

वार्धक्यात माणसास मोठी श्रीमंती नको असते. औषधाचा खर्च मुलाकडे न मागता भागावा, नातवाच्या हातावर चार पैसे ठेवता यावेत आणि घरात आपला शब्द राहावा, एवढीच बहुतेकांची अपेक्षा असते. ज्या माणसाने तीस वर्षे गावाला पाणी सोडले, ज्याने शाळेची घंटा वाजविली, ज्याने यात्रेनंतरचे रस्ते झाडले, त्याची ही अपेक्षा पूर्ण होण्यास मोठ्या निधीची नव्हे, तर दरमहा बिनचूक भरलेल्या एका रकान्याची आवश्यकता आहे.

खुलताबाद तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने, शाळेने व आस्थापनेने पुढील वेतनदेयक तयार करण्यापूर्वी कर्मचाऱ्यांची ती पाच रकान्यांची यादी पूर्ण करावी. तीत ज्यांचे वय ४० च्या जवळ आले आहे, त्यांची नावे सर्वांत वर घ्यावीत. कारण त्यांच्यासाठी काही योजनांचे दार लवकरच बंद होणार आहे. इतर तालुक्यांतील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनीही हाच क्रम आपापल्या ठिकाणी अनुसरल्यास आज लिहिलेला हा रकाना उद्या अनेक घरांचा आधार ठरेल.